रिकाम्या खाटेचा हुंकार

१

जून महिन्यात प्रवेश सुरू झाले की माझ्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर पालकांची गर्दी होते. लोकसाहित्य हा माझा अभ्यासविषय, आणि मुलींच्या वसतिगृहाचे रेक्टरपद ही विद्यापीठाने त्याच्या जोडीला दिलेली जबाबदारी. पहिल्याविषयी मला कोणी काही विचारत नाही. दुसऱ्याविषयी मात्र प्रत्येक जण विचारतो : इथे राहण्याचा फायदा काय आणि तोटा काय? माझे उत्तर ठरलेले आहे. फायदा असा की इथे मुलीला एकटे राहावे लागत नाही. तोटा असा की इथे तिला एकटे राहता येत नाही. पालक हसतात आणि पहिल्या वाक्यावर विसंबून सही करतात. मुली यथावकाश दुसऱ्या वाक्याचा अनुभव घेतात.

पहाटे बादल्यांचा खणखणाट सुरू होतो. एकीचा गजर वाजतो आणि तिला सोडून सगळा मजला जागा होतो. गरम पाण्याच्या रांगेत भांडणे होतात व त्याच रांगेत ती मिटतात. मेसमधल्या आमटीला डाळीचा केवळ सहवास लाभलेला असतो. घरून आलेला लाडवांचा डबा संध्याकाळपर्यंत रिकामा होतो, पण डब्याच्या मालकिणीला ताप आला तर तेच लाडू खाणाऱ्या तिघी तिच्या उशाशी बसतात. हा गलका मला मनापासून आवडतो. तो थांबला, तरच मी कामातून मान वर करून पाहते.

गेल्या वर्षी भांडगावची मोनिका आली ती प्रवेश जवळजवळ संपत आल्यावर. भूगोलात एम. ए. करायला आली होती. तिला दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. तिच्या जोडीला नेमलेली मुलगी ऐन वेळी दुसऱ्या शहरात गेली, म्हणून त्या खोलीतली खिडकीसमोरची खाट रिकामीच राहिली. मोनिकाला पोहोचवायला तिचे आजोबा भैरूआबा आले होते. डोक्याला पागोटे, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठीऐवजी छत्री.

"बाई," ते मला म्हणाले, "आमी पयल्यापासनं मेंढरामागं फिरनारी मानसं. आता ऊस लावतो, घर बांधलंय, पन पोरगी घराबाहेर ठिवायची ही पयलीच येळ. हिचा बाप संपत म्हनतो, शिकू दे. पन एक जरी वावगी गोष्ट कानावर आली, तर त्याच दिशी घरी. मग म्होरं शिक्षान न्हाई."

मोनिका खाली पाहत होती. तिने एका हाताने खाटेचा लोखंडी दांडा इतका घट्ट धरला होता, की ती खाट भांडगावला नेली असती तरी सुटली नसती.

२

भैरूआबा हे धनगरी ओवीतले जाणते. या परंपरेत गाणे आणि सांगणे आळीपाळीने येते, आणि सांगण्याच्या भागाला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो. आमच्या शास्त्रात हुंकारावर फारसे लिहिले गेलेले नाही, याचे मला नवल वाटते. सांगणाऱ्याने वाक्य टाकायचे, ऐकणाऱ्याने "हूं" म्हणायचे, मगच पुढचे वाक्य. हुंकार नाही तर गोष्ट नाही. भैरूआबांच्या घराण्यात त्यापुढेही एक नियम आहे : शेवटच्या वाक्याला हुंकार मिळाला नाही, तर ती गोष्ट पुरी झाली असे मानत नाहीत. ती सांगणाऱ्याच्या अंगावर राहते. ऐकणाऱ्याला पटेपर्यंत त्याने शेवट फिरवून सांगायचा आणि जो शेवट पटेल तो पाळायचा.

आबांच्या गोष्टी शिकायला मुलगे तयार नव्हते. मोनिकाने त्या आपखुशीने घेतल्या. म्हणून दिवेलागणीला ती फोन लावायची, टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा करायची आणि आबांनी शिकवलेली एक गोष्ट आबांनाच सांगायची. मी फेरीवर असताना कधी त्या दाराशी थांबत असे.

"ऐकताय न्हवं आबा?"

"हूं."

"तर म्हातारीनं कोंबडीला इचारलं, तू माझ्याआधी का उठतीस?"

"हूं."

"झोपलाय तुमी! कोंबडी न्हवतीच ती, बदक व्हतं."

"मला ठावं हाय. तुला इसरायला झालंय का ते बघत व्हतो."

शेजारच्या खोलीतली सोनम शिरूरची. तिचे वडील रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. ती भिंतीवर टकटक करून म्हणायची, "मोने, व्हॉल्यूम कमी कर, माझं कोंबडीमुळं असाइनमेंट राहिलंय." आणि पाच मिनिटांत स्वतःच दारात येऊन बसायची. महिन्याभरात मोनिकाच्या हातातून खाटेचा दांडा सुटला. ती हसू लागली, भांडू लागली, दुसऱ्यांचा शाम्पू वापरू लागली. वसतिगृह अंगी लागल्याची याहून खात्रीची खूण मला ठाऊक नाही.

३

"मॅडम, काल गंमतच झाली," मेसमध्ये पोळी मोडत मोनिका म्हणाली. "मी गोष्ट सांगत व्हते. फोन पालथा ठिवलेला. शेवटापर्यंत सांगितली, हुंकारा बी बराबर येत व्हता. मग उचलून बघते तर फोन बंद. चार्जिंगच न्हवतं. निम्म्यातच गेला असंल."

"मग हुंकार कोण देत होतं?" मी विचारले.

"ही सोनम. भिंतीपल्याडनं."

सोनमने घास तोंडातच थांबवला. "मी? मी काल शिरूरला होते. आज सकाळच्या एसटीनं आलीये. बॅग अजून तशीच पडलीये."

टेबलावरच्या सगळ्याच मुली एकदम हसत सुटल्या. एक म्हणाली, भूत असेल तर त्याला मेसमध्ये आणा, आमटी प्यायला की आपोआप जाईल. मोनिकाही हसली. तिला भीती वाटल्याचे मला दिसले नाही. उलट, आपली गोष्ट वाया गेली नाही याचा तिला आनंद झालेला होता.

दुपारी मी खोली पाहिली. भिंतीतून पाण्याचा नळ वर टाकीकडे जातो. नळात हवा अडकली तर घशातल्यासारखा आवाज येऊ शकतो. शिवाय, रोज ठरावीक ठिकाणी हुंकार ऐकायची सवय झालेला कान तो स्वतःही निर्माण करू शकतो. ही दोन्ही कारणे मला पुरेशी वाटली. मोनिकाची खाट कपड्यांनी आणि नकाशांनी भरलेली होती. समोरच्या खाटेवर उघडी फळी आणि भिंतीकडे गुंडाळून ठेवलेली गादी, एवढेच. मोनिका शिस्तीची नव्हती. तरीही त्या खाटेवर तिने ओला टॉवेलसुद्धा टाकलेला नव्हता.

"कोणी आहे का?" मी मोठ्याने विचारले, आणि विचारताच मला माझेच हसू आले. उत्तर आले नाही. जिना उतरताना मात्र सुचले, की प्रश्नाला उत्तर देणे हे हुंकार देणाऱ्याचे कामच नव्हे.

४

पुढच्याच आठवड्यात भैरूआबांचा फोन आला. नमस्कारही नाही.

"बाई, तुमच्या हास्टेलात बाप्ये ठिवता व्हय?"

"आबा, पुरुषांना इथे फाटकाच्या आत सोडत नाहीत. तुम्हालासुद्धा सही करूनच सोडलं होतं."

"मग माझ्या आदी हुंकारा कोन देतंय? मी तोंड उघडतोय तवर तिकडनं 'हूं' येतोय. आन् असातसा न्हाई, पोटातनं. घोंगडी पांघरून, नीट बसून ऐकनाऱ्या मानसाचा हुंकारा हाय त्यो. पोरीबाळी असा देत न्हाईत. मेंढरांच्या वाड्यावर बाप्ये द्यायचे, तसला."

मी नळाविषयी बोलले. आबांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

"नळाला गोष्ट कळती का, बाई?"

संध्याकाळी संपत स्वतः गाडी घेऊन आला. अत्यंत अदबीने बोलला, माझ्या पाया पडला आणि मुलीला घेऊन गेला. मोनिकाने पुस्तके नेली नाहीत. ती परत येणार आहे, असा त्याचा अर्थ मी लावला; पण जाताना तिने आपली चादर मात्र घडी घालून ठेवली होती, आणि त्याचा अर्थ मला लावायचा नव्हता.

५

रविवारी मी सोनमला घेऊन भांडगावला गेले. हायवेवर पाटसच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या होत्या. त्यांच्या मागे आमची एसटी बैलासारखी संथ चालत होती. संपतचे घर नवे, दुमजली, गुलाबी. मोनिकाची आई रतनबाई हिने आम्हाला पाहताच चुलीवर आणि गॅसवर दोन्हीकडे स्वयंपाक चढवला.

"बाप्या न्हाई, आई, कितीदा सांगू!" मोनिका स्वयंपाकघरात म्हणत होती.

"मग कोन हाय?"

"ऐकनारं हाय."

"लगनाआदी ऐकनारं कुनाला मिळालंय का कवा? नंतर बी न्हाई मिळत," रतनबाई म्हणाली, आणि सोनम उचकी लागेपर्यंत हसली.

तिन्हीसांजेला आबांनी मोनिकाला ओट्यावर बसवून गोष्ट सांगायला लावली. ती सांगू लागली. संपत ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाशी फोनवर बोलत होता. धाकटा काका मोबाइलवर कुस्ती पाहत होता. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दूधवाला आला, कोणी तरी ट्रॅक्टर मागे घेतला. हुंकार एकटे आबा देत होते, तेही दर दोन वाक्यांनी ट्रॅक्टरवाल्यावर ओरडून. मोनिकाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि गोष्ट मध्येच थांबली. ती थांबल्याचे आबांखेरीज कोणाच्या ध्यानातही आले नाही.

"आबा," ती म्हणाली, "तिकडं लई नीट ऐकत्यात."

हे तिने तक्रारीच्या स्वरात म्हटले नव्हते, कौतुकाच्या स्वरात म्हटले होते.

"कोन ऐकत्यात?"

"इचारलं न्हाई. ऐकनाऱ्याला नाव इचारत्यात व्हय? तुमीच शिकवलंय."

आबांनी छत्रीच्या टोकाने मातीत रेघ ओढली. मग संपतकडे वळून म्हणाले, "मी जातो हिच्यासंगं. समोर बसून गोष्ट सांगतो आन् बघतो कोन हुंकारा देतंय ते. काय वंगाळ निघालं तर पोर माझ्यासंगंच माघारी. न्हाई निघालं तर तू मधी बोलायचं न्हाई."

संपतने फोन कानावरून न काढताच मान डोलावली.

६

परीक्षेची वेळ आबांनीच दुपारची ठरवली. उजेडात लपायला जागा नसते, असे त्यांचे म्हणणे. तरी वसतिगृहातल्या खोलीत आल्यावर ते किंचित घुटमळले.

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हनत्यात."

"माझा मामा मॅप लावून गाडी चालवतो, आबा. त्याला मॅपच चुकवतो," सोनम म्हणाली.

आबांनी खाटांखाली वाकून पाहिले, कपाट उघडले, कपाटातून सोनमचाच हरवलेला शाम्पू निघाला त्यावर दोघींचे भांडण झाले, तेही मिटले. मग आबा जमिनीवर बसले, मी खुर्चीवर, मुली मोनिकाच्या खाटेवर. समोरची खाट नेहमीसारखी रिकामी. खिडकीच्या गजांची सावली तिच्या मागच्या भिंतीवर उभ्या रेघांनी पडली होती.

"कुनी बी हुंकारा द्यायचा न्हाई," आबांनी बजावले. "एक व्हतं कोकरू."

खालच्या मजल्यावर बादली आपटल्याचा आवाज आला. मग समोरच्या खाटेवरून, बसलेल्या माणसाचे तोंड जेवढ्या उंचीवर असते तेवढ्या उंचीवरून, शांत आणि भरीव आवाज आला.

"हूं."

तो नळ नव्हता. मी एवढेच ठामपणे लिहू शकते. सोनमने मोनिकाचा दंड पकडला. मोनिकाचा चेहरा मात्र फुलला होता. आपल्या मैत्रिणीचे गाणे घरच्या माणसांनी पहिल्यांदा ऐकावे, तेव्हा फुलतो तसा.

आबांनी छत्री हाताशी ओढली. पण सांगणाऱ्याची शिस्त भीतीपेक्षा जुनी असते. ते पुढे गेले. कोकराला कळपाचा कंटाळा आला. रात्री वाघरीत, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळ्यात, सगळी एकमेकांना रेटतात, एकीचे पाय दुसरीच्या पोटात. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता, नेमका श्वासाच्या जागी. कोकरू कळप सोडून लांबच्या माळावर गेले. तिथे कोणाची तरी जुनी, सोडून दिलेली वाघर होती.

"त्या वाघरीत लांडगा व्हता," आबा म्हणाले.

शांतता.

आबांनी डोळे बारीक केले. "लांडगा न्हवता."

"हूं."

"रिकामी व्हती."

शांतता.

"रिकामी न्हवती," आबा हळू म्हणाले. "कुनीतरी व्हतं. लई दिसांपासनं एकलंच."

"हूं."

आबांना ही गोष्ट कोणी शिकवलेली नव्हती. ते जागच्या जागी रचत होते. तरी मला वाटू लागले की सांगणारा आता समोर बसलेला आहे आणि मेंढरू वळवावे तसा तो आबांना वळवतो आहे. आबांनाही ते कळले असावे. त्यांनी पाठ ताठ केली आणि गोष्ट एकदम घराच्या दिशेने हाकली.

"मग मालक आला. त्यानं कोकरू खांद्यावर टाकलं, आन् घरी घेऊन गेला. झाली गोष्ट."

काही आले नाही. आबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, जरा मोठ्याने. खाटेची फळी करकरली. पाय वर घेऊन मांडी घालताना करकरते तशी. मी भिंतीकडे पाहिले. गजांच्या सावल्या वरून सरळ उतरत होत्या आणि खाटेच्या वर, एका जागी, त्या सरळ नव्हत्या. त्या कशावरून तरी वळसा घेऊन येत होत्या. गोलसर काही, एका बाजूला किंचित कललेले. मन लावून ऐकणाऱ्याची मान कलते, तेवढेच. मी डोळे मिचकावले, आणि रेघा पुन्हा सरळ झाल्या.

७

आबा घामेजले होते. आपण काय करून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ज्याला हरवायचे त्याच्याचपुढे त्यांनी गोष्ट मांडली होती, आणि आता आपल्याच घराण्याच्या नियमाने ते बांधले गेले होते. शेवट पटेपर्यंत गोष्ट त्यांच्या अंगावर होती. उठून जाता येत होते, मोनिकाला हाताला धरून नेताही येत होते. पण भैरूआबांनी उभ्या जन्मात गोष्ट अर्धी टाकली नव्हती.

"आबा," मोनिका कुजबुजली, "सांगा की खरं."

आबांनी तिच्याकडे पाहिले. ओट्यावर तिचा आवाज बारीक होत गेलेला त्यांनी ऐकला होता. त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"कोकरू तिथंच ऱ्हायलं," ते म्हणाले.

"हूं." इतका प्रसन्न हुंकार मी क्षेत्रकार्यात कुठेही ऐकलेला नाही.

मोनिकाने आनंदाने टाळी वाजवली. सोनम रडत होती आणि हसतही होती. आबांनी मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवले. ते कसलेले सांगणारे. शेवटची गाठ त्यांना मारायची होती.

"आन् शिकून मोठं झाल्यावर," रिकाम्या खाटेकडे रोखून पाहत ते म्हणाले, "कोकरू आपल्या घरी आलं."

काही आले नाही.

कॉरिडॉरमधून कोणी तरी गाणे गुणगुणत गेले. आबांनी वाक्य पुन्हा म्हटले, अगदी मऊ आवाजात, विनवणीसारखे. काही आले नाही.

तेव्हा मोनिका उठली. कमरेवर हात ठेवून ती त्या खाटेपुढे उभी राहिली आणि पाण्याच्या रांगेत मुली एकमेकींना झापतात त्याच सुरात म्हणाली, "अवो, व्हय म्हना की! मी काय जल्मभर मेसची आमटी पिऊ व्हय?"

सोनम फसकन हसली. मग आबा हसले, मग मीही. इतका वेळ कोंडलेले सगळे त्या हसण्यात बाहेर पडले. आम्ही चौघे हसत होतो. आम्ही थांबलो, त्यानंतरही क्षणभर हसणे चालू होते : विनोद जरा उशिरा कळलेल्या माणसाचे, पोटातले, दिलखुलास.

आबांनी पागोटे डोक्यावर चढवले आणि मोनिकाची चादर स्वतःच्या हाताने खाटेवर पसरली.

"पोर हितंच ऱ्हाईल, बाई," फाटकापाशी ते मला म्हणाले. चेहरा उजळलेला होता. "संपतला मी सांगतो. जल्म गेला सांगन्यात, पन असं ऐकनारं न्हाई भेटलं. आता एकच बघा. शेवटाला हुंकारा न्हाई आला, पन हसलं तर खरं. आता हसू म्हंजी हुंकाराच की. व्हय ना? तुमी शिकल्याली मानसं."

मी "व्हय" म्हणाले. त्या दिवसापासून मी जुने संग्रह चाळते आहे, जाणत्यांना विचारते आहे. हसण्याला हुंकार मानावे की नाही, याविषयी परंपरा काहीच सांगत नाही. मोनिका आनंदात आहे, वर्गात पहिली आहे आणि तिची शेवटची परीक्षा येत्या एप्रिलात आहे.